कातेल्लोने आज वाईट बोलायचं नाही

मेनाला मी बजावून ठेवलं होतं, "हे बघ, त्या कातेल्लोला बोलावू नकोस. पोस्टमनला बोलाव, पाद्रीबाबांना बोलाव, रस्त्यावरच्या कुत्र्याला बोलाव, पण त्याला नको." ऐकेल तर ती मेना कसली! "शाळेत एका बाकावर बसायचो गं आम्ही," म्हणाली. "दर वर्षी जूनमध्ये आपण चौघं होडीने फिरायला जातो. यंदा त्याला वगळलं तर त्याला काय वाटेल?"

त्याला काय वाटेल म्हणे! मेना एक्केचाळीस वर्षांची. आधी तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा गेले. आता चौथ्यांदा राहिले होते आणि पहिल्यांदाच पाचवा महिना लागला होता. नवरा लिबेरातो मालवाहू जहाजावर आचारी. बोटीवर रुजू व्हायला निघाला तेव्हा माझ्या दुकानात आला. मी मासे तळत होते. त्या कढईसमोर उभा राहून रडला गडी. "नुन्त्सिया, तिला तुझ्या पदरात टाकून चाललोय. या वेळेला काही झालं तर ती पुन्हा उभी राहायची नाही." मी म्हटलं, जा तू निर्धास्त, मी आहे ना. बोलायला काय जातं माणसाचं! तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

म्हणून मेनाकडून मी शपथ घेतली होती, की कातेल्लोला पोटातल्या बाळाचा पत्ता लागता कामा नये. अनिएल्लोला मीच सांगितलं, कारण होडी त्याची, त्याने ती जपून हाकावी म्हणून. कातेल्लोला मात्र एक अक्षर सांगायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या बिचाऱ्याने कुणाचं काय वाकडं केलं? केलं काहीच नाही. तो फक्त बोलतो. अनिएल्लोच्या लग्नात वर बघून म्हणाला, "हे झुंबर सैल वाटतंय," आणि केक कापायच्या आत झुंबर खाली. त्याने लॉटरीचं दुकान काढलं, तर अख्ख्या मिनोरी गावात त्याच्याकडून तिकीट घ्यायला कुणी फिरकेना. तीन महिन्यांत दुकान बंद. आता नगरपालिकेत पाण्याचे मीटर बघतो, आणि तो जिन्यात दिसला की नजर लागू नये म्हणून बायका दाराची लोखंडी कडी धरतात. तरुणपणी सालेर्नोला मावशीकडे राहायला गेला, तर महिन्याभरात घरातली सगळी माणसं डोकं धरून बसली आणि मावशी तर गेलीच. मी काही अडाणी बाई नाही. असल्या गोष्टी मी मानत नाही. पण मानत नाही म्हणून मुद्दाम विस्तवात हात घालायचा का?

रविवारी सकाळी धक्क्यावर आलो तर अनिएल्लो होडीत कंबरेवर हात ठेवून उभा. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाल्यावर लाकडी होडी घेतली, तेव्हापासून स्वतःला आरमाराचा सेनापती समजतो. हिवाळ्यात त्याने होडीला नवीन इंजिन बसवलं होतं. नवीन म्हणजे कुणाच्या तरी होडीतलं काढलेलं, पेट्रोलवर चालणारं. "वाघ आहे वाघ!" म्हणाला. मला पोहता येत नाही. समुद्राकाठी जन्मले, समुद्राचं खाते, पण पाण्यात गुडघ्याच्या पुढे कधी गेले नाही, त्यामुळे वाघ ऐकूनच मी धक्क्यावर घुटमळले.

कातेल्लो वेळेवर आला होता. हातात लिंबाच्या केकचा डबा, अंगात इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर ते नेहमीचं माफी मागणारं हसू.

अनिएल्लोने त्याला धक्क्यावरच अडवलं. "थांब. आधी कबूल कर. आज तोंडातून एकही वाईट शब्द काढायचा नाही. हवा, लाटा, तब्येत, अपघात, काही म्हणजे काही नाही."

"नाही काढणार," कातेल्लो म्हणाला.

"आईची शपथ?"

"आईची शपथ. अरे, मी तुमच्याबरोबर फिरायला आलोय, बुडवायला नाही."

"बुडवायला!" अनिएल्लो किंचाळला. लगेच त्याचा एक हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं शिंगांसारखी ताठ झाली. मीही नांगराची साखळी पकडली. मेना हसत सुटली. "काय रे हे! लाज वाटत नाही? चला आता."

त्या होडीला पुढच्या बाजूला एक छोटी खोली आहे, दोन माणसं पाय दुमडून पडतील एवढी. मेनाची पिशवी ठेवायला कातेल्लो आत वाकला. बाहेर येताना त्याने आतल्या फळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला. बोट काळं झालं होतं.

"अनिएल्लो," तो म्हणाला, "ही काजळी..."

"कातेल्लो! आईची शपथ घेऊन पाच मिनिटं नाही झाली!"

कातेल्लोने तोंड मिटलं, बोट विजारीला पुसलं आणि मुकाट्याने होडीच्या पुढच्या टोकाला, त्या खोलीच्या छपरावर, आमच्याकडे पाठ करून जाऊन बसला. मला वाटलं, चला, रुसला, बरंच झालं.

निघालो. ऊन कडक होतं. मी मेनाला म्हटलं, "आत पड जा जरा. उन्हात बसू नकोस." उन्हाचं निमित्त होतं. खरं म्हणजे ती त्याच्या नजरेसमोर नको होती मला. "अगं, समुद्र बघायला आलेय मी, लाकूड नाही," असं कुरकुरत ती गेली. मी इंजिनाच्या पेटीशेजारी जीव मुठीत धरून बसले. काठावरचा प्रत्येक खडक मला आमच्याकडेच सरकतोय असं वाटत होतं. अनिएल्लो सुकाणू धरून जुनी गाणी बेसूर म्हणत होता, आणि माझ्या मनात एकच जप चालला होता, आजचा दिवस नीट जाऊ दे, तिला सुखरूप घरी पोचवू दे.

वाटेतल्या एर्कीए गावाला उतरलो तेव्हा मेना कपाळ दाबतच बाहेर आली. "डोकं जड झालंय."

मी अनिएल्लोकडे बघितलं. अनिएल्लोने माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे डोकं उगाच दुखत नसतं, नजर लागली की दुखतं.

गावातून हिंडलो. वाळूवर कुणाच्या तरी घरची सगळी मंडळी टरबूज कापत बसली होती, त्यांनी आम्हालाही फोडी दिल्या. अनिएल्लो बर्फाचा गोळा खाताना गंभीर चेहऱ्याने सांगत होता की हे गाव त्याने बसमधून हजार वेळा पाहिलंय, पण खाली उतरून पहिल्यांदाच. "म्हणजे हजार वेळा लोकांना चुकीच्या ठिकाणी सोडलंस," मेना म्हणाली. ती खळखळून हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. डोकं दुखायचं थांबलं होतं. कातेल्लो आमच्या चार पावलं मागून चालत होता. मधूनच कुणाच्या तरी मांजराशी बोलायचा.

तिथून चेताराचं बंदर जवळच आहे. पण अनिएल्लोला मासेमारीची हुक्की आली. गळ मागे सोडला आणि होडी अगदी हळू, रांगत रांगत न्यायला लागला. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. मेना पुन्हा आत जाऊन पडली. या खेपेला तिला सांगावंही लागलं नाही. "झोप येतेय गं," म्हणाली. मासा काही मिळाला नाही. तासाभराने चेताराचा बुरूज दिसायला लागला तेव्हा ती खोलीतून रांगत बाहेर आली आणि कठड्यावरून वाकून ओकली.

माझं धाबं दणाणलं. मी तिचं कपाळ धरलं. गाल लालबुंद झाले होते. "दुखतंय कुठे? पोटात दुखतंय का? खरं सांग!" मी तिच्या कानात कुजबुजले.

"पोटात नाही. डोकं फुटतंय, नुन्त्सिया. पाय कापसाचे झालेत."

छपरावर कातेल्लो वळला नव्हता. तशीच पाठ. मला त्या पाठीचाही राग आला. माणूस ओकतंय आणि हा बघतसुद्धा नाही! आणि बघितलं असतं तर त्याचाही राग आला असता, तेही खरं.

चेतारात बंदराजवळच्या खाणावळीत बसलो. मी मालकाला म्हटलं, "एक खोलगट ताटली पाणी आणा." मालकाने मेनाच्या चेहऱ्याकडे बघितलं, काही न विचारता पाणी आणलं आणि बरोबर ऑलिव्हच्या तेलाची बाटलीही. कातेल्लो तेव्हा हात धुवायला गेला होता. दृष्ट काढायचा मंत्र मला माझ्या सासूने नाताळच्या आदल्या रात्री दिलेला आहे, तो दुसऱ्या कुठल्याच दिवशी देता येत नाही. मी मंत्र म्हणत पाण्यात तेलाचे थेंब सोडले. थेंब गोल राहिले तर काही नाही. फुटून पसरले तर नजर लागली. माझी नजर ताटलीवरून हलेना. थेंब पसरले, एकमेकांत मिसळले, सगळी ताटली तेलकट झाली.

"बघ!" अनिएल्लो पुटपुटला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी पुन्हा पाणी बदललं, पुन्हा मंत्र म्हटला, असं करत गेले. आणि खरं सांगते, मेनाचा चेहरा निवळत गेला. वारा सुटला होता, दाराशीच टेबल होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भूक लागली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माझ्याच हातांनी वाचवलं मी तिला.

कातेल्लो येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, कारण दुसरी रिकामी नव्हती. जेवण झालं. खारवलेल्या मांदेलीच्या अर्कातलं स्पॅगेटी, तळलेली मांदेली. मेनाच्या पेल्यात मालकाने वाइन ओतली, ती मी कुणाचं लक्ष नाही असं बघून पिऊन टाकली. दोनदा. मेना जेवली, हसली, कातेल्लोच्या केकचा मोठा तुकडा खाल्ला.

मग अनिएल्लो मला बाहेर घेऊन गेला. "परत जाताना तो नको," म्हणाला. "त्याला घेऊन मी ओर्सोच्या खडकाळ टोकाला वळसा घालणार नाही. वारा वाढलाय. तू सांग त्याला."

"मी का? होडी तुझी."

"तुझी जीभ जास्त चालते."

गेले मी. कातेल्लो जाळी वाळत घातलेल्या भिंतीपाशी उभा होता. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. तू बसने जा. मेनाला बरं नाही, होडीत गर्दी होतेय."

चौघांची गर्दी! त्याने मान हलवली. त्याला कारण सांगायची गरज नव्हती, आयुष्यभर त्याने असल्या बसच पकडल्या होत्या. पण मग म्हणाला, "नुन्त्सिया, जेवताना तर मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तेव्हा तिला बरं होतं. होडीत मात्र..."

"कातेल्लो! शपथ!"

"बरं. मेनाला सांग, केक घरी घेऊन जा. सांभाळून जा." आणि 'सांभाळून' ऐकल्यावरही माझ्या अंगावर काटा आला, इतकी मी वेडी झाले होते.

मेनाला आम्ही खोटं सांगितलं, की त्याला चेतारात कुणी ओळखीचं भेटलंय. होडी सुटली. धक्क्यावर तो लहान लहान होत गेला आणि मला कित्येक तासांनी मोकळा श्वास आला. अनिएल्लोसुद्धा शीळ घालायला लागला. ब्याद टळली होती.

एर्कीए मागे पडल्यावर लाटा उठायला लागल्या. पाण्याचे फवारे थेट अंगावर. "आत जा," मी मेनाला म्हटलं, "भिजलीस तर सर्दी होईल." ती आत गेली. मी दार घट्ट लावलं. दाराखालच्या फटीतून पाणी आत जाईल म्हणून घोंगडीची गुंडाळी करून ती फटीत दाबून बसवली. अगदी काळजीने. आईने लेकराला पांघरूण घालावं तशी.

टोक जवळ आलं. अनिएल्लोने इंजिनाचा जोर वाढवला. त्याचा फोन वाजला. त्याने खिशातून काढून बघितला आणि साप दिसल्यासारखा फळीवर टाकला. "तोच आहे! टोकाशी आलो आणि बरोबर याचा फोन!" पुन्हा दोन बोटं शिंगांसारखी. फोन वाजून वाजून थांबला. मग माझ्या पिशवीत माझा वाजायला लागला. मी पिशवीवर हात दाबून बसले, जणू आवाज कोंडला म्हणजे माणूसही कोंडला जाईल. थांबला. पुन्हा वाजला.

"घेऊ नकोस!" अनिएल्लो ओरडला. "इथे नको, या खडकांसमोर नको!"

मी नाही घेतला. मी दारावर टकटक केलं. "मेना! लिंबू देऊ का गं?" उत्तर नाही. झोपली असेल. जाऊ दे, झोपू दे. पण मन राहीना. घोंगडी काढली आणि दार उघडलं.

ती कुशीवर झोपली होती. गाल गुलाबी, लहान मुलीसारखे. किती दिवसांनी तिला इतकं तजेलदार पाहत होते मी. दार पुन्हा लावणार एवढ्यात दिसलं, उशीवर ओकारी होती आणि तिचा गाल त्याच ओकारीत टेकलेला होता. तिने गाल हलवलासुद्धा नव्हता.

"मेना!" मी तिचा खांदा हलवला. मान लटकी पडली. "मेना! ए बाई!" गालावर चापट मारली. काही नाही. मी अनिएल्लोकडे वळून ओरडले, "उठत नाहीये! अनिएल्लो, ती उठत नाहीये!"

"नजर!" तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"कुणाची नजर, गाढवा? तो इथे आहे कुठे!"

माझंच बोलणं माझ्या कानावर आलं. तो नव्हता. त्याला आम्ही उतरवून दिलं होतं. आणि मेना आधीपेक्षा दसपट वाईट झाली होती. मग हे करत होतं कोण?

फोन वाजला. मी घेतला.

"नुन्त्सिया," कातेल्लो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मला वाईट बोलायचंय. बोलू?"

"बोल! बोल मेल्या, बोल!"

"मेना त्या खोलीत आहे का? तिला बाहेर काढ. आत्ता. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू आत जातोय, तो दिसत नाही, वासही येत नाही. सकाळी फळीवर काजळी होती. माझ्या मावशीकडे पाण्याचा बंब होता, त्याची चिमणी तुंबलेली होती. तेव्हाही असंच झालं होतं सगळ्यांना. काढ तिला."

मी तिच्या काखेत हात घातले. मेना काही फार जड नाही, पण शुद्ध हरपलेलं माणूस दुप्पट होतं. ओढता ओढता माझंही डोकं गरगरायला लागलं. अनिएल्लो सुकाणू सोडून मदतीला धावला तशी होडी आडवी झाली, एक लाट आत आली आणि दोघंही कंबरेपर्यंत भिजलो. खडक इतके जवळ होते की त्यांच्यावरचे शिंपले दिसत होते.

"इंजिन बंद करतो!" अनिएल्लो रडत होता.

फोन फळीवर पडला होता, त्यातून कातेल्लोचा आवाज येत होता. "बंद करू नका! खडकांवर जाल! तिला पुढे, वाऱ्यात न्या! तटरक्षकांना मी फोन केलाय, ते निघालेत!"

तर अनिएल्लोने सुकाणू धरलं आणि मी, गुडघ्याच्या पुढे पाण्यात न जाणारी बाई, मेनाला ओढत त्या छपरावर चढले, जिथे सकाळी तो बसला होता. एका हाताने लोखंडी कडं धरलं आणि दुसऱ्या हाताने तिला छातीशी. होडीचं नाक वर जायचं आणि धाडकन खाली. दर वेळी वाटायचं, आता गेलो. मी तिच्या तोंडाशी कान नेला. श्वास होता, पण पुढचा येईपर्यंत माझा जीव जायचा. मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट गप्प होतं. चार दिवसांपूर्वी तिने माझा हात तिथे ठेवून म्हटलं होतं, "लाथ मारतंय बघ." आता मी दाबून धरलं, हाक मारली, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. काही हललं नाही. लिबेरातोचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

टोकाला वळसा घातला आणि तटरक्षकांची केशरी बोट दिसली.

सालेर्नोच्या इस्पितळात मेनाला जास्त दाबाच्या प्राणवायूच्या बंद कोठडीत ठेवलं. मलाही प्राणवायूचा मास्क लावून बसवलं होतं, तो काढून मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. अनिएल्लो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. सहा-सातच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या. मेनाने डोळे उघडले होते. आपलं नाव सांगितलं होतं.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"ठोके सापडले," त्या म्हणाल्या. "आत्ता तरी आहेत. पण असल्या विषाचा त्रास आईपेक्षा बाळाला जास्त होतो. पुढे काय होईल ते जन्माला येईपर्यंत कुणीच सांगू शकणार नाही. वाट बघा."

वाट बघा! अजून चार महिने. अनिएल्लो हुंदके द्यायला लागला. मी त्याला म्हटलं, "कातेल्लो कुठाय?" त्याने बाहेर बोट दाखवलं.

कातेल्लो बसने इथपर्यंत आला होता, पण आत आला नव्हता. फाटकापलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, पेपरच्या बंद टपरीशेजारी उभा होता. मी रस्ता ओलांडला.

"शुद्धीवर आलीय," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले आणि मान हलवली.

"कातेल्लो, तुला एक सांगायचंय. मेनाला..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "एर्कीएलाच कळलं. पायऱ्या उतरताना तिने पोटाखाली हात धरला होता. मग चेतारात तू तिची वाइन पीत होतीस. मला का नाही सांगितलं तेही कळलं."

आणि मला वाटलं होतं, कुणाचं लक्ष नाही!

"म्हणून मी दिवसभर तिच्याकडे बघितलं नाही," तो म्हणाला. "सकाळी पाठ केली ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून. एर्कीएनंतर मात्र माझी मलाच भीती वाटायला लागली. न जाणो, नुन्त्सिया. इतकी माणसं म्हणतात, तर काही असेलही. ती ओकली तेव्हासुद्धा वळलो नाही. तिचे गाल कसे लाल झाले होते ते बसमध्ये बसल्यावर आठवलं, तेही खाणावळीत शिरताना दाराच्या काचेत दिसले होते म्हणून. मावशीचे असेच झाले होते. मी नीट बघितलं असतं तर मला दुपारीच कळलं असतं."

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत रस्ता ओलांडला. तो नको नको म्हणत होता. कॉरिडॉरमधून नेलं, अनिएल्लोसमोरून नेलं. अनिएल्लो उठून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात खिशाबाहेर ठेवले, त्याच्याकडून तेवढंच झालं.

मेना पांढऱ्या चादरीवर पडली होती, नाकात नळ्या. कातेल्लो दारातच थांबला, नजर जमिनीवर.

"ये ना," ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. "बाकावर बसायचास तसा बस इथे. वर बघ रे. माझ्याकडे बघ."

"नको, मेना."

"बघ म्हणते ना. आमच्या दोघांकडे बघ."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. "बघ की! काही होत नाही!" असं मीच म्हटलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याने हळूहळू मान वर केली. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली, चादरीखालच्या त्या एवढ्याशा उंचवट्यावर गेली, आणि देवाशपथ सांगते, मला भीती वाटली. पाठीवरचा माझा हात आपोआप मागे सरकला.

त्याला ते जाणवलं. त्याने माझ्याकडे वळून बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.